'विसरणे' आणि 'न आठवणे' एकच का?

अनुवादिका: कंपवाताच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या पुस्तिकेचे भाषांतर करताना मी 'रिट्रीव्हल' (साठवलेली आठवण परत मिळवणे) या शब्दापाशी अडले आहे. पार्किन्सन्स (म्हणजेच कंपवात), हंटिंग्टन्स अशा मेंदूच्या आजारांत आठवण बहुधा साठवलेली असते, पण हवी तेव्हा हाती लागत नाही, असा मूळ आशय आहे. मी 'विस्मरण' लिहिले होते, परंतु स्वतः कंपवात असलेल्या माझ्या काकांनी तो शब्द खोडला आणि म्हणाले, "मी विसरलेलो नाही, मला आठवत नाही." हा भेद भाषेत नाहीच, असे संपादकांचे म्हणणे आहे.

जुना वाचक: काकांचे बरोबर आहे. 'मी विसरलो' यात कर्ता मी आहे आणि दोषही माझ्याकडे येतो. 'मला आठवत नाही' यात मी केवळ वाट पाहत उभा असतो. चतुर्थीने केलेली ही सोय संपादकांना दिसू नये, याचे नवल वाटते.

खोडसाळ: 'विसरलो होतो, आत्ता आठवले' असे आपण रोज म्हणतो. म्हणजे विसरलेली गोष्टही आत शिल्लक असतेच. भेद व्याकरणात असेल, अर्थात नाही.

तर्कप्रिय: यासाठी न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, तयार शब्द आहेत. अनुभवाने मनावर 'संस्कार', म्हणजे ठसा, उमटतो, 'उद्बोधक', म्हणजे जागवणारे निमित्त, मिळाला की तो जागा होतो आणि स्मृती उपजते. समोर आलेली वस्तू पूर्वी पाहिलेलीच आहे हे कळणे म्हणजे 'प्रत्यभिज्ञा'. येथे संस्कार शाबूत असून उद्बोध अडलेला आहे, म्हणून 'उद्बोधवैकल्य' हा शब्द सुचवतो.

निवृत्त परिचारिका: उद्बोधवैकल्य वाचून कुटुंबीय पुस्तिका मिटून ठेवतील! मात्र कल्पना चपखल आहे. शब्दांची यादी ऐकवून काही वेळाने विचारले, तर असे रुग्ण मोजकेच शब्द सांगतात. परंतु 'त्यात एक पक्षी होता' असे सुचवले किंवा चार शब्दांतून निवडायला सांगितले, की 'पोपट' नेमका ओळखतात. अल्झायमर्समध्ये हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागाला, इजा झाल्यामुळे नवी गोष्ट मुळात नीट नोंदलीच जात नाही, म्हणून तेथे सुचवण्याचा उपयोग फार होत नाही. कंपवातात शोध घेणारी यंत्रणा, म्हणजे मेंदूचा पुढचा भाग आणि मेंदूत खोलवर असलेला स्ट्रायटम हा भाग यांना जोडणारी वर्तुळे, मंदावते असे मानतात. अर्थात हे सर्वांना लागू पडत नाही. काही रुग्णांची ओळखण्याची क्षमताही घटते, त्यामुळे 'आठवण शाबूत असते' असे सरसकट लिहू नये.

अनुवादिका: मग 'आठवण वर येत नाही' कसे वाटते?

जुना वाचक: चांगले आहे. 'आठवणे' हे मला 'आ' आणि 'स्था' यांपासून आलेले वाटते, म्हणजे मनात येऊन उभे राहणे. 'स्मृतिभ्रंश' मात्र कृपया नको. गीतेत (2.63) तो क्रोधातून उपजलेल्या संमोहामागून येतो, आजाऱ्याच्या माथी हा शब्द मारणे अन्यायाचे आहे.

खोडसाळ: डिमेन्शियासाठी तोच रूढ झाला आहे. रूढीपुढे गीता चालत नाही, आणि तुमचे 'स्था'ही चालत नाही.

तर्कप्रिय: रूढीचेच म्हणाल, तर 'कंपवात' तरी कोठे बरोबर आहे? जेम्स पार्किन्सन यांनी 1817 च्या निबंधात कंपाला शीर्षकात स्थान दिले आणि बुद्धी अबाधित राहते असेही लिहिले. दोन्ही अपुरे ठरले, कारण कित्येकांना कंप नसतोच, ताठरता आणि मंदपणा असतो, आणि स्मृतीचे काय होते ते वर आलेच आहे.

निवृत्त परिचारिका: तरीही रुग्ण स्वतःचा आजार 'कंपवात' याच नावाने सांगतात, ज्यांचा हात कधीच थरथरला नाही तेसुद्धा.

तर्कप्रिय: त्यांना ते नाव आपणच शिकवले आहे.