फोनवर खेळणारा गेमर नाही, तर मग आम्ही कोण?

रात्रपाळी_इचलकरंजी:
काल डिस्कवाला यांनी लिहिलं की फोनवर बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलचा भारतीय अवतार, खेळणाऱ्यांनी स्वतःला गेमर म्हणवून घेऊ नये. ना कथा, ना कला, नुसता अंगठ्यांचा चाळा. शिवाय अशा पोरांमुळेच भारतात चांगले गेम बनत नाहीत म्हणे. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण विषय डोक्यात गेला, म्हणून वेगळा धागा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल, भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. वर एकेक नवा गेम ४,९९९ चा. माझे वडील यंत्रमागावर. आमच्या घरी कन्सोल येणार नव्हता, तो विषयच निघाला नाही. फोन मात्र होता, कारण तो सगळ्यांनाच लागतो. २०१६ ला जिओ आलं, २०१८ ला पब्जी मोबाइल, आणि गल्लीतली चार पोरं पहिल्यांदा एका स्क्वाडमध्ये खेळली.

चाळा म्हणता, तर चार बोटांच्या क्लॉ पकडीने एक मॅच खेळून दाखवा. डावा अंगठा चालायला, उजवा नजर फिरवायला, एक तर्जनी फायरवर, दुसरी स्कोपवर, आणि एम४१६ बंदुकीचा रिकॉइल, म्हणजे गोळ्या झाडताना बसणारा झटका, आवरायला अख्खा फोन हातात तिरका करत न्यायचा. घामाने अंगठा अडकू नये म्हणून पोरं बोटांना पावडर लावून बसतात. २०२३ ला हँगझोउच्या आशियाई खेळांत पब्जी मोबाइल पदकासाठी खेळला गेला. तिथे कुणी चाळा म्हणालं नाही.

डिस्कवाला:
तुझ्या परिस्थितीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, ते माझ्या तोंडी घालू नकोस. हातात कौशल्य आहे, मान्य. पण गेम म्हणजे फक्त नेम नाही. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये बाप-लेक आईची राख घेऊन सगळ्यात उंच शिखराकडे निघतात. माझे वडील गेले त्याच वर्षी मी तो खेळलो. राख उधळायच्या वेळी कंट्रोलर बाजूला ठेवून बसून राहिलो. हे तुझ्या स्क्वाडमध्ये मिळतं का?

फोनवर मिळतं ते क्रेट: पैसे भरून उघडायची पेटी, आत काय निघेल ते नशीब. माझ्या भाच्याने एका बंदुकीच्या गेममध्ये स्किनच्या, म्हणजे नुसत्या दिखाऊ सजावटीच्या, आशेने आईच्या खात्यातून पैसे उडवले. घरात आठवडाभर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा लूट बॉक्सला जुगार ठरवलं. आपण त्याला गेमिंग म्हणतो.

काडतूस_फुंकणारा:
बेल्जियमचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. तिथे बोट 'फिफा'तल्या खेळाडूंच्या पॅकवरही ठेवलं होतं, आणि तो तुमच्या कन्सोलवरचाच गेम. क्रेट फोनची मक्तेदारी नाही.

आणि नावातच मिरवता त्या डिस्कचा एवढा अभिमान कशाचा? 'द क्रू' २०१४ चा. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला. ज्यांनी डिस्क घेतली त्यांच्या हातात प्लॅस्टिकची चकती उरली. त्यातूनच विकलेले गेम बंद पाडू नका म्हणणारी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, युरोपात २०२५ मध्ये १० लाखांवर सह्या झाल्या. आपल्याकडे आपण फोन की कन्सोल यावर भांडतोय.

डिस्कवाला:
एका गेमवरून सगळ्या डिस्क झोडपू नका. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' २००३ चा, माझ्या पीएस२ वर आजही लागतो. कुणाची परवानगी लागत नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न:
डिस्क विकत घेतलेली की फुटपाथवरची? आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी 'व्हाइस सिटी' कॉपी केलेल्या सीडीवर खेळली. परवडत नव्हतं, म्हणून खेळलो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डिस्कवाला:
विकतची. पॉकेटमनी साठवून घेतलेली. तुम्ही चोरी केलीत, निदान ती मिरवू नका.

लॅमिंग्टन_रिटर्न:
तुमच्याकडे पॉकेटमनी होता, हाच तर मुद्दा आहे! चोर म्हणायच्या आधी त्या काळी ओरिजिनल कुठल्या गावात मिळायची ते सांगा. आमच्या तालुक्याला एक सायबर कॅफे होता आणि तोही क्रॅकवर, म्हणजे कुलूप तोडलेल्या फुकट्या गेमवर, चालायचा.

शेडर_आणि_चहा:
मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत काम करतो. मला हे फुटपाथपुराण ऐकवत नाही. चांगले गेम बनत नाहीत याचं खापर फोनवाल्या पोरांवर फोडताय? 'राजी' आठवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. ऑगस्ट २०२० ला निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर, ऑक्टोबरमध्ये बाकी सगळीकडे. गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. दुर्गेच्या आशीर्वादाने भावाला शोधायला निघालेली मुलगी, पहाडी चित्रशैलीतलं जग, सगळं आपल्या मातीतलं. इथल्या किती पीसीवाल्यांनी पैसे मोजून घेतला?

आमचा पहिला गेम आला तेव्हा मराठीतली पहिली कमेंट होती, 'भाऊ, क्रॅक कधी?' ती लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवर लाखभराच्या ग्राफिक्स कार्डचा फोटो होता. परवडत नाही हे कारण त्याला तरी लागू नव्हतं.

लॅमिंग्टन_रिटर्न:
कार्डवाल्याचं समर्थन मी करत नाही. तेव्हाच्या पोरांना मात्र त्याच्या रांगेत बसवू नका.

नाशिकची_स्नायपर:
'गल्लीतली चार पोरं.' बरोबर, पोरंच. मी पण २०१८ लाच खेळायला लागले, फोनवरच, कारण आमचा कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला लागलेला. टीव्ही बाबांचा, कंट्रोलर भावाचा. मला 'एकदा दे' म्हणून मागावा लागायचा. फोन माझा होता. हेडफोन घालून पांघरुणात खेळले तर कुणाला पत्ता नाही.

पण माइक चालू केला की काय ऐकावं लागतं ते एकदा ऐका. मी बंदच ठेवते. नॉक होऊन पडलेल्या टीममेटला रिव्हाइव्ह करताना, म्हणजे परत उठवताना, शत्रू कुठून येतोय हे तोंडाने सांगता येत नाही, नकाशावर मार्कर टाकत बसते. डिस्कवाला दादा, खरा गेमर कोण हे ठरवणारे तुम्ही पहिले नाहीत. रोज रात्री मॅचआधीच्या लॉबीत कुणीतरी ठरवतंच असतं.

डिस्कवाला:
ताई, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. कन्सोल कुणाच्या ताब्यात असतो हा मुद्दा घेतला. गेमर म्हणवून घ्या, माझी हरकत मागे. क्रेटचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

रात्रपाळी_इचलकरंजी:
घेऊही नका, क्रेटवर मी तुमच्याच बाजूचा. पण मग फिफाचे पॅक घेणाऱ्यांनाही तेच सुनवा, तिथे तुमचा आवाज कधी निघाला नाही. आणि स्नायपर, आमच्या स्क्वाडमध्ये एक जागा रिकामी आहे. माइकवर शिवी दिली की सरळ बाहेर, हा आमचा नियम आहे. शनिवारी रात्री दहाला.

नाशिकची_स्नायपर:
येईन. मार्कर मी टाकेन, ड्रॉप मात्र नकाशातल्या त्या गर्दीच्या पोचिंकी गावात नको.