लाइन गेली, फाइल गेली: वर्डमधलं काम परत कसं काढता? (अनुभव धागा)

ग्रामसभेचे ठराव, शाळेचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, सारं गावातल्या एकाच संगणकावर टाइप होतं, आणि पावसाळ्यात लाइनीचा भरवसा नाही. फाइल परत काढताना काय जमतं, काय फसतं, ते पायऱ्यांसह लिहा जी.

टायपिंग-झेरॉक्स, मूल
लाइन आली की आधी वर्डच उघडा. डावीकडे 'डॉक्युमेंट रिकव्हरी'चा पट्टा येतो. वेळ पाहून शेवटची प्रत उघडा अन् एफ १२ दाबून नव्या नावानं ठेवा. जुन्या नावावर ठेवली तर दोन्ही ताडून पाहायची सोय जाते. पट्टा आलाच नाही तर: फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स. एकदाही सेव्ह न केलेलं काम तिथं चार दिवस राहतं, म्हणून 'उद्या पाहू' नको.

संगणक परिचालक, अचलपूर तालुका
वर्ड २००७ मध्ये वरचा मेनू नाही, तो २०१० पासून आला. तिथं विंडोज आणि आर दाबून %ॲपडेटा% लिहा, मग मायक्रोसॉफ्ट, वर्ड. 'एएसडी' शेवट असलेली फाइल (वर्डनं आपोआप ठेवलेली प्रत) वर्डच्या ओपनमधून, 'ऑल फाइल्स' निवडून उघडा. मूळ फोल्डरात ~$ नं सुरू होणारी इवलीशी फाइल दिसली तर तिच्यामागे लागू नका. तिच्यात मजकूर नसतो, फाइल कोणी उघडली त्याचं नाव असतं.

डीटीपी, वरोरा
कृतिदेववाल्यांनी (इंग्रजी अक्षरांवर मराठी रूप चढवणारा जुना फॉन्ट) हे नीट वाचा. जुनी 'डॉक' फाइल खराब झाली की ओपनमध्ये 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' निवडतात. तक्ते, फोटो जातात, मजकूर येतो; पण 'ग्राम'च्या जागी एक्स-झेड-के-ई अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. लोक फाइल सडली समजून ती पुसून टाकतात. ती सडलेली नसते, फक्त फॉन्ट निघालेला असतो. कंट्रोल ए करा, कृतिदेव ०५५ लावा, ठराव जसाच्या तसा. मधले खरे इंग्रजी शब्द तेवढे बिघडतात, ते निवडून पुन्हा इंग्रजी फॉन्ट द्या.

'डॉकएक्स'ला हा उपाय चालत नाही, कारण ती आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं असते. तिला आधी ओपनच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर'. नाही जमलं तर प्रत काढून तिच्या नावाचा शेवट 'डॉकएक्स'ऐवजी 'झिप' करा. आतल्या 'वर्ड' फोल्डरात 'डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल'मध्ये मजकूर असतो. फाइलचा आकार शून्य केबी दिसत असेल तर मात्र तिच्यात काहीच उरलेलं नाही.

शाळा, धानोरा तालुका
सर्वांत जास्त नुकसान लाइनीनं होत नाही. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, त्यावरच टाइप करायचं, कंट्रोल एस. जुनं गेलं! फाइल अजून उघडी असेल तर बंद करू नका, सेव्ह झाल्यावरही कंट्रोल झेड चालतो. नमुन्याच्या फाइलीवर उजवी क्लिक करून 'न्यू' निवडा, त्याच मजकुराची बिननावाची नवी प्रत उघडते.

सेवा केंद्र, दर्यापूर तालुका
पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्या क्षणापासून त्यावर काही लिहू नका. रेकुव्हा (पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर) संगणकावर टाका, निघालेली फाइलही संगणकावरच ठेवा; पेनड्राइव्हवर ठेवली तर बाकीच्या फाइली दबतात. एसएसडीवरून पुसलेलं सहसा निघत नाही.

टायपिंग-झेरॉक्स, मूल
राहिलंच: वर्डच्या ऑप्शन्स, सेव्हमध्ये आपोआप प्रत ठेवायचा १० मिनिटांचा आकडा असतो, तो २ करा. खालची 'कीप द लास्ट ऑटोरिकव्हर्ड व्हर्जन'ची खूण ठेवा; ती नसेल अन् बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं गेलं तर प्रतही जाते. ६०० व्हीएच्या यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडू नका. प्रिंट देताच तो एकदम जास्त करंट ओढतो, यूपीएस बसतो अन् संगणकही बंद पडतो.