जुलैतलं फुकेत: समुद्राचं तेवढं बघा
जुलैत मुलांना घेऊन थायलंडमधल्या फुकेतला निघाला असाल, तर हॉटेल आणि खरेदीची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून मी समुद्राबद्दल लिहितेय. आपल्या कोकणासारखाच त्या किनाऱ्यावरही मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो. पातोंग, करोन, काता या फुकेतच्या किनाऱ्यांवर लाटांच्या मधला एखादा पट्टा शांत दिसतो, आणि नेमकी तिथेच आत खेचणारी ओढ असू शकते. वाळूत लाल झेंडा रोवलेला दिसला की मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नका, शेजारी चार पर्यटक डुंबत असले तरी! ओढीत सापडलात तर थेट किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, हात वर करून मदत मागा. पोहणं हाच मुख्य बेत असेल तर कोह सामुई या थायलंडमधल्याच दुसऱ्या बेटाचा विचार करा, तिकडचा मोठा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर.

स्कूटरचं म्हणाल, तर दुचाकीसाठी वैध आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर घेऊच नका. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्यापोटी पासपोर्टही ठेवून देऊ नका. ई-सिगारेटला तिथे बंदी आहे. आणि शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, साध्या भाजीतही फिश सॉस असतो.