सिकलसेल बाळाची पाणथरी (प्लीहा) मोठी लागते, मग पेनिसिलीन कशाला?

सेविका_अक्राणी
उपकेंद्राच्या हद्दीत १४ महिन्यांची मुलगी आहे, वजन ८ किलो. एचपीएलसी या रक्ततपासणीत एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा आजारच, रुग्णाचं लाल कार्ड मिळालंय. एरवीचं हिमोग्लोबिन ८.२. डाव्या बरगडीखाली पाणथरी दोन बोटं लागते. घरचे म्हणतात, पाणथरी चांगली भरलेली आहे, मग रोज गोळी कशाला? दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं, थेट होळीला परततं. आईला काय बघायला शिकवू? सोनोग्राफी सांगू का?

बालरोग_धुळे
सिस्टर, आकारावरून पाणथरीचं काम कळत नाही. सोनोग्राफीही फक्त आकारच सांगेल, त्यासाठी नंदुरबारची खेप नको.

पाणथरीत रक्त संथ वाहतं, ऑक्सिजन कमी असतो आणि पेशींना फार अरुंद फटींतून निघावं लागतं. विळ्यासारख्या ताठ पेशी तिथेच अडकतात, त्या भागाचं रक्त तुटतं आणि तो मरतो. जन्मतः असलेलं एचबी-एफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) काही महिने सांभाळून घेतं. ते उतरलं की पाच-सहा महिन्यांपासून नुकसान सुरू होतं. आफ्रिकी वंशाच्या एसएस मुलांत साधारण पाच वर्षांपर्यंत पाणथरी आक्रसून हाताला लागेनाशी होते. आपल्याकडच्या मुलांत एचबी-एफ जास्त टिकतं, म्हणून ती पुढेही मोठी लागते. जंतू गाळण्याचं काम मात्र तोवर मंदावलेलं असू शकतं. म्हणून पेनिसिलीन व्ही तीन वर्षांपर्यंत १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिग्रॅ दोनदा. १९८६च्या अमेरिकी चाचणीत यानेच न्यूमोकॉकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकॉकसच्या लसीचे, तिन्ही डोस झालेत का तेही कार्डावर बघा. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर न्यूमोकॉकसच्या २३ प्रकारांची लसही लागेल.

आता आईला शिकवायचं ते. पाणथरी अचानक फुगून त्यात रक्त अडकतं, तेव्हा काही तासांत मूल शॉकमध्ये जाऊ शकतं. हे सहा महिने ते पाच वर्षांत जास्त घडतं, आणि एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता मोठी. बाळ शांत असताना उताणं झोपवायचं, गुडघे किंचित वर. बोटं बेंबीच्या खालून सुरू करून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरकवायची. सगळे थेट बरगडीखाली बोटं घालतात आणि खूप मोठी झालेली पाणथरी नेमकी चुकते, कारण तिची कड खाली राहून जाते. आईस्क्रीमची चपटी काडी घ्या, स्तनाग्राच्या रेषेत तिचं टोक बरगडीच्या कडेला टेकवा, पाणथरी संपते तिथे पेनाने खूण करा. ही काडी आईकडेच राहू द्या. रोज बघायचं, ताप असेल तर दिवसातून दोनदा. खुणेच्या पुढे गेली आणि बाळ फिकट, मलूल, धापा टाकतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची.

लॅब_शहादा
मलेरियासाठी स्लाइड करताच ना? त्याच स्लाइडवर पाणथरीच्या कामाचा अंदाज मिळतो. तांबड्या पेशीत एकच गोल, गडद जांभळा ठिपका दिसला तर ते हॉवेल-जॉली बॉडी. चांगली पाणथरी ते काढून टाकते. पेशीवर बसलेली प्लेटलेट कधी तशीच भासते, पण तिच्याभोवती फिकट कडा असते. ठिपके दिसले नाहीत म्हणून पाणथरी ठणठणीत, असं मात्र लिहू नका. सुरुवातीचं नुकसान यात पकडलं जात नाही.

सेविका_अक्राणी
काडीचं उद्याच करते. ऊसतोडीच्या पालावर फ्रिज नाही, सिरप कसं टिकणार? आणि ताप आला तर?

बालरोग_धुळे
सिरप देऊच नका, पाणी मिसळल्यावर ते थंडाव्यातच आणि जेमतेम दोन आठवडे टिकतं. २५० मिग्रॅच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या द्या. अर्धी गोळी चमच्यात कुस्करून पाण्यातून, सकाळ-संध्याकाळ. उरलेली अर्धी कोरड्या डबीत.

ताप १०१ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचं नाही. पेनिसिलीन चालू असतानाही न्यूमोकॉकस होतो. जवळच्या आरोग्य केंद्रात सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन ७५ मिग्रॅ प्रतिकिलो, हिच्यासाठी ६०० मिग्रॅ, आणि मगच पुढे पाठवायचं. मलेरियाची टेस्ट सोबतच. फिकट दिसतेय म्हणून लोहाचं औषध कोणी सुरू करू नये, लोहाची कमतरता सिद्ध झाली तरच.

एमओ_तळोदा
एक भर. लाल कार्डाच्या मागे ठळक लिहून द्या: एरवीचं हिमोग्लोबिन ८.२, पाणथरी किती सेंमी, रक्तगट. हिमोग्लोबिन एरवीपेक्षा २ ग्रॅमने उतरलं आणि पाणथरी वाढली की तिच्यात रक्त अडकल्याचं निदान झालंच, पण 'एरवीचं' माहीत नसेल तर अनोळखी दवाखान्यात तिथेच घोळ होतो. रक्त देतानाही बेताने, एका वेळी ५ मिली प्रतिकिलो, म्हणजे हिला ४० मिली, मग पुन्हा तपासणी. अडकलेलं रक्त नंतर पाणथरीतून परत येतं. एकदम भरपूर दिलं तर हिमोग्लोबिन भलतंच चढून रक्त घट्ट होतं. गुजरातेतल्या डॉक्टरांसाठी रक्त बेताने द्यायची ही ओळ कार्डावर गुजरातीतही लिहून घ्या, नवापूरकडे लिहून देणारे सहज भेटतील.