‘ओळखचोरी’ की तोतयेगिरी?

पाटीपेन्सिल:
सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी एक पानी माहितीपत्रक करतेय. आयडेंटिटी थेफ्टला, म्हणजे दुसऱ्याची कागदपत्रं किंवा ठसे वापरून त्याच्या नावावर व्यवहार करण्याला, मराठीत काय लिहू? ‘ओळखचोरी’ लिहिलं तर आई म्हणाली, "ओळख कशी चोरतील? ओळख लोक विसरतात."

जुनाबाजार:
आईंचा कान पक्का आहे. आपल्याकडे ओळख निघते, वाढते, लोक ती दाखवतात नि विसरतात. ती दोन माणसांमधली असते. ओळखपत्र, ओळख परेड यांत दुसरा अर्थ आलाय, पण तो सरकारी. (‘अस्मिता’ सुचवू नका कोणी. ती चोरीला जात नाही, फक्त दुखावते.) ‘चोरी’ही खटकते. चोरीत वस्तू जाते, इथे आधार आणि पॅन तुमच्या पाकिटातच असतात, म्हणून तर महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

तोतया हा शब्द असताना नवा कशाला? पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण देहाच्या ओळखीबद्दल शंका राहिली आणि त्या फटीतून भाऊंचा तोतया उभा राहिला. कैदेत पडला, सुटला, १७७६ मध्ये कोकणात बंड केलं, किल्ले घेतले, शेवटी पकडून मारला गेला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नव्हतं हेही लोकांना माहीत होतं. तोतया नेहमी अशी अर्धवट राहिलेली जागा बघूनच शिरतो.

रानवारा:
काका, पण ‘तोतया पोलीस’चं काय? तो कुणा एका पोलिसाचं नाव घेत नाही, नुसती वर्दी घालतो.

जुनाबाजार:
मान्य, शब्द सैल झालाय. खरेदीखतांच्या भानगडीत मात्र जुना अर्थ टिकून आहे: ‘तोतया इसम उभा करून जमीन विकली.’ तिथे खरा मालक जिवंत असतो, गावीच असतो.

रानवारा:
कायद्यातही दोन वेगळी कलमं आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक सही किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणं. ६६डी म्हणजे संगणक वा मोबाइलवरून तोतयेगिरी करून ठकवणं. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे काकांचा तोतया ६६डीत बसतो. ६६सीत सोंग घ्यावंच लागत नाही, अंगठ्याचा ठसा पुरतो. दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले आणि आधारवरून पैसे काढले, असे गुन्हे उघडकीस आलेत. त्याला तोतया कसं म्हणणार?

तिरफळ:
ज्याच्यावर बेततं तो यातलं काहीच म्हणत नाही हो. तो म्हणतो, "माझ्या नावावर कोणीतरी कर्ज उचललंय." मी हेच म्हणाले होते. घरासाठी कर्ज मागायला गेले तर क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांच्या नोंदीत, कुठल्याशा ॲपचं अठरा हजारांचं थकलेलं कर्ज. ॲपचं नावही ऐकलं नव्हतं. झेरॉक्स कुठून फुटली ते आजवर कळलं नाही. हा रिपोर्ट ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडे तक्रार नोंदवली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, हे मला नंतर कळलं.

पाटीपेन्सिल:
बाप रे. ताई, पत्रकात काय काय घालू?

तिरफळ:
सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चार क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेकाचा मागवा. आधारचे बायोमेट्रिक (अंगठ्याचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडा. चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. झेरॉक्सवर मजकुराला छेद देऊन लिहा, ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, तारीख घाला. पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, मग पोलीस स्टेशन. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, ते तर आजच बघा.

जुनाबाजार:
‘नावावर’! सातबारा, कर्ज, सिम, सगळं नावावरच असतं की. मी तोतया मागे घेतो. अर्धाच.

पाटीपेन्सिल:
शीर्षक ठरलं: ‘तुमच्या नावावर दुसऱ्याचा कारभार?’ आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, आधी माझंच बघ. तिच्या नावावर चार सिम निघाली. एक तिचं, एक बाबांचं, एक माझं कॉलेजातलं जुनं. चौथं कोणाचं ते घरात कोणालाच माहीत नाही. ‘माझा नंबर नाही’ म्हणून आत्ताच कळवलंय.