एससीसीसाठी काळ्या गिट्टीऐवजी चुनखडीची गिट्टी चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना भागात पाण्याच्या टाकीचं काम सुरू आहे. बीम-कॉलमच्या जोडात सळया इतक्या दाट आहेत की व्हायब्रेटरची सुई आत शिरतच नाही, म्हणून सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट (एससीसी, म्हणजे व्हायब्रेटर न लावता स्वतःच्या वजनाने पसरून साचा भरणारं काँक्रीट) घ्यायचं ठरलं. काळी गिट्टी दुरून आणावी लागते आणि भाड्यातच पैसा जातो. चुनखडी मात्र जवळच फुटते.

ट्रायल मिक्समध्ये सिमेंटसोबत फ्लाय अ‍ॅश आणि पीसीई (माल प्रवाही करणारं रसायन) अ‍ॅडमिक्स्चर वापरलं. मिक्सरमधून काढल्याबरोबर स्लम्प फ्लो (माल पसरून होणाऱ्या गोलाचा व्यास) 680 मिमी मिळतो, पण अर्ध्या तासात माल आखडतो. गिट्टी हातात घेतली की तळहात पांढरा होतो, एवढी भुकटी चिकटलेली असते. धुतली तर फरक पडतो, पण उन्हाळ्यात इकडे धुवायला पाणी कुठून आणायचं भाऊ? शिवाय बरेच तुकडे चपटे आहेत. आयएस 383 (गिट्टी-वाळूचं भारतीय मानक) मध्ये चपट्या-लांबट तुकड्यांची मिळून 40 टक्क्यांची मर्यादा आहे. एल-बॉक्समध्ये (सळयांमधून माल वाहतो का ते तपासायची एल आकाराची पेटी) माल सळयांपाशी अडतो, तो यामुळेच असावा असं मला वाटतं.

20 मिमी गिट्टी सोडून फक्त 12.5 मिमीवर यावं का? गिट्टी आदल्या रात्री नुसती भिजवून ठेवली तर फ्लो टिकेल का? आणि दगडात मधेमधे मातकट थर दिसतात. टाकीसारख्या पाणी धरणाऱ्या कामात त्यांचा त्रास होतो का? कोणी चुनखडीवर एससीसी प्रत्यक्ष ओतलं असेल तर मिक्सचं प्रमाण सांगा. सप्लायरचं "सब चलता है" ऐकून झालंय.