ज्यांच्यामुळे हिशोब बदलला

विचारणा अशी होती: ज्यांच्यामुळे जगाकडे बघण्याची रीत बदलली त्यांच्याबद्दल लिहा, पण हारतुरे नकोत. त्यांची पद्धत सांगा, उचलता येईल अशी.

विलासराव साळुंखे

1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची 40 एकर पडीक जमीन त्यांनी खंडाने घेतली. तिथल्या कामातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी सातबाऱ्याला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा लाभधारकांचा.

आणि ऊस बंद. सगळ्यात जास्त कुरकुर याच नियमावर होते, पण सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे. एकाच्या उसाला सूट दिली की पाण्याच्या शेपटाकडच्या माणसाची पाळी बुडते, आणि पाळी बुडालेला माणूस पुढची वर्गणी कशाला भरेल?

डॉ. अभय आणि राणी बंग

गडचिरोलीत त्यांच्या 'सर्च' संस्थेने केलेलं श्वास मोजायचं साधन बघाच एकदा. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. वरची ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी: पाच हिरवे मणी, एक लाल. खालची त्याहून मोठ्या बाळासाठी: चार हिरवे, एक लाल. घड्याळ उलटं करायचं, बाळाचं पोट वर-खाली होताना मोजायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनियाचा संशय. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही जमतं, कारण दहाच्या पुढे मोजावंच लागत नाही.

चुका ठरलेल्या. बाळ रडत असताना किंवा पीत असताना मोजलं की आकडा फुगतो. अंगावरचं कापड वर न सारता अंदाजाने मोजलं तर श्वास निसटतात. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं सगळ्यात वाईट: तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच भराभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो, म्हणून पूर्ण मिनिट हवं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा 60 किंवा वर गेला तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा मोजायचं. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ प्यायचं थांबलं असेल तर मणी मोजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

राहीबाई पोपेरे

अकोले तालुक्यातलं कोंभाळणे. तिथे त्या देशी वाणांचं बी जपतात. 2020ची पद्मश्री सगळ्यांना ठाऊक असते, बियाण्याचा व्यवहार फारसा नाही: जेवढं बी न्याल त्याच्या दुप्पट परत करायचं.

घरी वालाचं बी धरायचं तर रोगट वेल आधीच वगळा. शेंग वेलावरच खडखडीत वाळू द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दाताचा नुसता वळ उमटला तर अजून ऊन द्या. उन्हातून काढल्याबरोबर मडक्यात भरू नका, गरम बियाला आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर गार होऊ द्यायचं. मग चाळलेली गार राख आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला, बियांमधल्या फटी भरतील एवढी राख. फट राहिली की भुंग्याला फिरायला जागा मिळते. तोंड शेणामातीने लिंपायचं, आणि वर वाणाचं नाव. ते लिहायचं राहिलं तर पेरणीच्या वेळी सगळी मडकी सारखीच दिसतात.